टाके निघेपर्यंत बोलू नये

दातांचं कौतुक सगळे करतात, हिरडीची आठवण कुणी काढत नाही. रेडिओरावांनीही पंचावन्न वर्षांत एकदाही काढली नव्हती. ब्रशवर रक्त दिसलं की ते ब्रशला दोष द्यायचे. ब्रश बदलून झाला, पेस्ट बदलून झाली, एकदा तर बेसिनवरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावला, का तर लाल रंग जरा कमी लाल दिसावा. शेवटी खालच्या ओळीतला एक दात हलायला लागला, तेव्हा बायकोने त्यांना जवळजवळ दंडाला धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत घालून मोजमाप सुरू केलं. "सहा. सात. सहा. आठ," असं त्या सांगत होत्या आणि मदतनीस बाई लिहून घेत होत्या. आठ ऐकल्यावर रेडिओरावांना जरा बरं वाटलं.

"दहापैकी का?" त्यांनी विचारलं.

"मिलिमीटर आहेत. तीनच्या वर जायला नको," बाई म्हणाल्या. "हिरडी उघडून आतून साफ करायची, मग टाके घालायचे. सोमवारी या. त्या शुक्रवारी रात्री मी पंधरा दिवसांसाठी गावाला जातेय आणि हा दात तेवढा थांबेल असं वाटत नाही."

"बोलायचं कधीपासून?"

"टाके निघेपर्यंत शक्यतो बोलूच नका. दहा दिवस धरा. टाके माझ्या जागी दुसरे डॉक्टर काढतील."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. रेडिओरावांची नोकरीच तोंडाची होती. कचेरीच्या नक्कल शाखेत लोक जुन्या दस्तांच्या नकला मागायला येतात. नक्कल टाइप झाली की तिची रुजवात घ्यायची असते, म्हणजे एकाने मूळ दस्त मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्दन् शब्द तपासायचा. नकलेत खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी दोघांनीही सही करायची, आणि शेवटी तपासणाऱ्याने. वाचायचे रेडिओराव, म्हणून तर कचेरीने त्यांना हे नाव दिलं होतं. ते स्वल्पविराम वाचत, पूर्णविराम वाचत, "नवीन परिच्छेद" असंही म्हणत. आणि त्यांच्यासमोर, त्याच टेबलाच्या पलीकडे, बावीस वर्षं तेच गृहस्थ बोट ठेवून बसले होते. त्यांना सगळे तपासनीस म्हणायचे.

या बावीसपैकी शेवटची अकरा वर्षं दोघांमध्ये अबोला होता. दिवसाचे सात तास एक माणूस दुसऱ्याला वाचून दाखवतोय, दुसरा कान देऊन ऐकतोय, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत! अगदीच अडलं तर काम वाचनातच उरकायचं. "पूर्वेस बारा फुटी रस्ता, स्वल्पविराम, पंखा जरा कमी करावा, स्वल्पविराम, पश्चिमेस ओढा," असं रेडिओराव एका सुरात वाचत आणि तपासनीस उठून पंखा कमी करत. हे काही बोलणं नव्हे, असं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

अबोल्याचं कारण एक विहीर होती. अकरा वर्षांपूर्वी एका दस्तात "उत्तरेस विहीर" असं होतं आणि रेडिओरावांनी "दक्षिणेस विहीर" असं वाचलं. टाइप करणाऱ्याचीही नेमकी तीच चूक झालेली, त्यामुळे नकलेत आणि वाचनात मेळ बसला आणि तपासनीसांनी सही ठोकली. त्या नकलेवरून दोन शेजारी एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि प्रकरण साहेबांपर्यंत आलं. साहेबांनी विचारलं, "सही कुणाची?" सही तपासनीसांची. रेडिओराव बाजूला उभे होते. "मी चुकीचं वाचलं" एवढे तीन शब्द बोलायचे होते, पण त्यांची पाचावर धारण बसली आणि ते मूग गिळून उभे राहिले. तपासनीसांच्या सेवापुस्तकात ताकीद चढली. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढा एकच डाग. दुसऱ्या दिवसापासून ते बोलायचे थांबले.

त्यांना काय माहीत, मूळ दस्त तर माझ्या हातात होता, ते साहेबांवरचा राग माझ्यावर काढताहेत, अशी रेडिओरावांनी पहिलं वर्षभर स्वतःची समजूत घातली. पुढच्या वर्षी समजूत पटेनाशी झाली, पण तोवर उशीर झाला होता. आणि आता तपासनीस निवृत्त होणार होते. कधी? सोमवारनंतरच्याच शुक्रवारी.

"सोमवारच्या आधी सांगून टाका," बायको म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

"शुक्रवारी निरोपसमारंभ आहे. चारचौघांत सांगतो. एक वाक्य बोलायला काय होतंय?"

"अकरा वर्षं तोंड धडधाकट होतं तेव्हा एक वाक्य निघालं नाही. आता टाके घालून निघणार!"

खरं सांगायचं तर बाईंनी बोलू नका म्हटल्यावर रेडिओरावांना आतून थोडं हायसंच वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली होती.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. दुखलं म्हणाल तर सुई टोचली तेवढंच. पण हाड खरवडल्याचा आवाज कानांतून न येता थेट कवटीतून येतो, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. तासाभराने बाईंनी टाके घातले, वरून गुलाबी कणकेसारखा लेप थापला आणि सतरा सूचनांचा कागद हातात दिला. घरी आल्यावर बायको तो वाचू लागली.

"बर्फ बाहेरून दहा मिनिटं लावा दहा मिनिटं काढा आज गरम काही नको चूळ उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याची जोरात थुंकायचं नाही नळीने ओढून प्यायचं नाही..."

रेडिओरावांनी तिच्या मनगटावर बोटाने दोनदा टकटक केलं. सगळे स्वल्पविराम वाचायचे राहिले होते.

"मी तुमच्या कचेरीत नाही," ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली. मऊ खायचं, दुसऱ्या बाजूने चावायचं. झोपताना डोकं उंच. ओठ ओढून आरशात बघायचं नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढेल, घाबरू नका. थुंकीत थोडी लाली चालेल. रक्त वाहू लागलं तर बोळा दाबून धरा आणि थांबलं नाही तर या.

ऐकावे जनाचे हे ठीक आहे, पण जन किती? वरच्या मजल्यावरचे निवृत्त कवायत मास्तर आले. त्यांनी बर्फाची पिशवी बघून कपाळाला हात लावला. "बर्फ? अहो, रक्त गोठेल! शेकायला हवं." त्यांच्या मागोमाग शेजारीणबाई तुरटी घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, शेकायचं बिलकूल नाही, तुरटीच्या पाण्याने खळखळून चुळा भरायच्या, दर तासाला. मास्तर आणि शेजारीणबाई यांचं रेडिओरावांच्या गालावरून जुंपलं. दोघांनाही लेप बघायचा होता. रेडिओरावांनी सूचना क्रमांक अकरावर बोट ठेवून कागद पुढे केला, तेव्हा मास्तरांना त्याचा राग आला. "आम्ही काय परके आहोत?" ते म्हणाले.

पण खरी गंमत पुढेच. माणसाला बोलता येत नाही म्हटल्यावर लोकांना त्याच्याशी बोलण्याची फार उबळ येते. मंगळवारी मास्तर एकटे आले आणि खुर्ची ओढून, मुलगा सहा महिन्यांत एकदाही फोन करत नाही, हे पाऊण तास सांगत बसले. शेजारीणबाईंनी जावेची हकीगत सांगितली आणि डोळे पुसले. रेडिओराव मान हलवत होते. त्यांचा गाल तोवर असा सुजला होता की चष्म्याची एक काडी वर उचलली गेली होती. कुस्करलेला बटाटा आणि गार दूध पोटात गेलेलं, डोकं जड झालेलं, आणि मनात एकच विचार: एवढी सगळी माणसं माझ्यासमोर मन मोकळं करतात, आणि मला तीन शब्द जड जातात.

एवढ्यात कचेरीतून आस्थापना कारकुनाचा फोन आला. तो बायकोनेच घेतला.

"रजा मंजूर होत नाही हो, वहिनी. दाखल्यावर हिरडी लिहिलंय. नियमातल्या यादीत डोळा आहे, कान आहे, हाड आहे, दातसुद्धा आहे. हिरडी नाही."

"अहो, हिरडी दातालाच तर चिकटलेली असते!"

"मग तसा दाखला आणा. आणि दुसरं म्हणजे, तपासनीस शुक्रवारी जातायत. एकोणतीस नकला पडून आहेत, त्यांच्या सहीशिवाय सुटणार नाहीत. यांचे हात-पाय चालतात ना?"

झालं. बुधवारी रेडिओराव गालाला रुमाल बांधून कचेरीत हजर झाले. साहेबांनी तोडगा काढला. तपासनीसांनी वाचायचं आणि रेडिओरावांनी बोट ठेवायचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा दोघांनी खुर्च्या बदलल्या. तपासनीस चष्मा पुसून, घसा खाकरून, नवख्या माणसासारखे अडखळत वाचू लागले. तिसऱ्या नकलेत त्यांचा सूर लागला.

"सदर मिळकतीच्या पूर्वेस बखळ जागा, स्वल्पविराम, दक्षिणेस पायवाट, स्वल्पविराम, गाल फार सुजला आहे, स्वल्पविराम, खालच्या उपाहारगृहातून बर्फ मागवला आहे, स्वल्पविराम, पश्चिमेस कुंपण, पूर्णविराम."

रेडिओरावांचं बोट कागदावर थांबलं. तपासनीस मात्र मान वर न करता पुढचा परिच्छेद वाचत होते. पाच मिनिटांनी बर्फ आला. रेडिओरावांनी तो गालाला लावला आणि त्यांना अगदी गदगदून आलं. गदगदून आल्यावर टाके ओढतात, हेही सतरा सूचनांत नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी ठरवलं, तोंडाने नाही तर हाताने. कागद घेतला आणि लिहायला बसले. आता साधं "मला क्षमा करा" लिहून पलीकडे सरकवायचं की नाही? पण तीस वर्षं कचेरीत काढलेला हात! त्याने आपोआप डाव्या कोपऱ्यात "विषय" लिहिलं. "विषय: विहिरीची दिशा चुकीची वाचल्याबाबत. संदर्भ: आपणांस देण्यात आलेली ताकीद. महोदय, उपरोक्त विषयान्वये नम्रपणे कळविण्यात येते की, सदर चूक सर्वस्वी माझी होती." खाली सही, तारीख, हुद्दा. कागद इतका देखणा झाला की त्यांनी तो टेबलावरच्या ट्रेमध्ये, तपासनीसांच्या बाजूला, सरळ करून ठेवला आणि कोमट पाण्याची चूळ भरायला गेले.

परत आले तर ट्रे रिकामा. विषय, संदर्भ आणि तारीख असलेला कागद ट्रेमध्ये दिसल्यावर शिपायाने जे करायचं तेच केलं होतं. कागद आवक बारनिशीत, म्हणजे येणाऱ्या कागदांच्या वहीत, नोंदला गेला, त्यावर क्रमांक पडला आणि तो आस्थापनेकडे रवाना झाला.

रेडिओराव धावत आस्थापनेत गेले आणि हातवारे करू लागले. कारकुनाने त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: माझा कागद परत द्या.

"आता तो तुमचा कसा?" कारकून म्हणाला. "नोंद झालीय, धारिका उघडलीय. हवी तर नकलेसाठी अर्ज करा. नक्कल कुठे मिळते ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

गुरुवारी साहेबांचा शेरा आला: "अर्ज विहित नमुन्यात नाही. अर्जदाराने अकरा वर्षांच्या विलंबाचा खुलासा पंधरा दिवसांत सादर करावा." पंधरा दिवस! तपासनीसांच्या हातात नोकरीचा एक दिवस उरला होता. त्यांनी अर्ज पाहिलेलाही नव्हता. ते शांतपणे उरलेल्या नकला वाचत होते आणि मधूनमधून बर्फाची चौकशी करत होते, स्वल्पविरामांच्या आत.

"उद्या लिहून द्या सरळ त्यांच्या हातात," संध्याकाळी बायको म्हणाली.

रेडिओरावांनी घरातल्या जुन्या पाटीवर लिहिलं: नाही. तोंडाने गेलं ते तोंडानेच यायला हवं.

तिने ते दोनदा वाचलं. मग एवढंच म्हणाली, "हळू बोला. आणि उभं राहून नका बोलू."

शुक्रवारी पाच वाजता समारंभ सुरू झाला. एक शाल, एक घड्याळ, चहा आणि बिस्किटं. साहेबांनी सात मिनिटं भाषण केलं आणि त्यात तपासनीसांच्या अचूकपणाचं इतकं कौतुक केलं की ताकीद त्यांनीच दिली होती हे त्यांना आठवतही नसावं. "आता कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर..." असं ते म्हणाले आणि रेडिओराव उभे राहिले.

"अहो, तुम्ही नको," कारकून म्हणाला. "तुमच्या भावना पोचल्या!"

सगळे हसले. तपासनीस हसले नाहीत. रेडिओरावांनी टेबलाची कड धरली आणि तोंड उघडलं. पाच दिवसांनी आवाज फुटत होता, तोही अर्ध्याच तोंडातून. "विहीर," ते म्हणाले. "उत्तरेला... होती. मी... वाचताना..." पुढचं वाक्य जोरात निघालं, त्याबरोबर गुलाबी लेपही निघाला आणि बशीतल्या बिस्किटावर पडला. पाठोपाठ हनुवटीवरून रक्त ओघळलं आणि शर्टावर उतरलं. एका बाईंनी किंकाळी फोडली. साहेब खुर्ची मागे सारून भिंतीला टेकले. प्रत्येक जण दुसऱ्याला "पाणी आणा" म्हणून सांगू लागला.

तपासनीस मात्र शाल बाजूला ठेवून उठले. स्वतःचा धुतलेला रुमाल घडी करून त्यांनी रेडिओरावांच्या तोंडात दिला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, वाचनाबाहेरचं, सरळ बोलले.

"दाबून धरा. चला."

"अहो, समारंभ तुमचा आहे!" साहेब म्हणाले.

"उरका तुम्ही," तपासनीस म्हणाले आणि रेडिओरावांना घेऊन जिना उतरले.

डॉक्टरीणबाई निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी दिव्याखाली तोंड बघितलं. "टाका तुटलाय. दुसरा घालते. आधी वीस मिनिटं हा बोळा दाबून बाहेर बसा. सोबत कोण आहे?"

"मी आहे," तपासनीस म्हणाले.

मदतनीस बाई विचारत गेल्या आणि ते सांगत गेले. जेवण बाराला, दही आणि मऊ भात, उजव्या बाजूने. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. पेनिसिलिनने अंगावर पित्त उठतं, चार वर्षांपूर्वी उठलं होतं. हिरडी कधीपासून दुखते? "तीन वर्षांपासून. 'ळ' म्हणताना थांबायला लागले तेव्हापासून." रेडिओराव तोंडात बोळा धरून बघत राहिले. यातलं बरंचसं त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

मग दोघे बाकावर बसले. सोबतच्या माणसाने भरायचा एक कागद होता. तपासनीसांनी तो मांडीवर घेऊन अक्षर न् अक्षर वाचला आणि भरला. नाव, पत्ता, "रुग्णाशी नाते" या रकान्यात "सहकारी." सही करायच्या आधी ते थांबले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "संध्याकाळी मूळ दस्त काढून बघितला मी. उत्तरेस विहीर, स्पष्ट अक्षरात."

रेडिओरावांनी मान खाली घातली.

"साहेबांना सांगू शकलो असतो. म्हटलं, नको. हा माणूस आपणहून सांगेल. उद्या सांगेल. एक दिवस वाट बघितली, एक आठवडा बघितली. राग ताकिदीचा नव्हता हो. रोज समोर बसून माझ्याच तोंडावर सगळं वाचता, आणि तेवढं एक वाक्य तुम्हाला येत नाही, याचा होता. मग तुम्ही वाट बघायला लावली म्हणून मीही हट्टाला पेटलो. अकरा वर्षं! आपण दोघंही मूर्ख."

रेडिओरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी बोळा काढायला हात उचलला.

"काढू नका," तपासनीसांनी त्यांचं मनगट धरलं. "ऐकलंय मी. पूर्ण ऐकलंय."

रेडिओरावांनी खिशातून चिठ्ठी काढून लिहिलं: आस्थापनेत अर्ज दिलाय. तुमची ताकीद खोडतील.

"आणि तुम्हाला देतील."

रेडिओरावांनी लिहिलं: देऊ द्यात.

तेवढ्यात आतून हाक आली. "कागद झाला का हो? द्या इकडे."

"एक मिनिट," ते म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. कचेरी पावणेसहाला सुटते. त्यांनी पेन उघडलं आणि "सहकारी" या शब्दावर पट्टीने मारावी तशी एकच सरळ रेघ मारली.

"वीस मिनिटांपूर्वी निवृत्त झालो," ते म्हणाले. "हे आता खरं नाही."

वरच्या मोकळ्या जागेत त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात "मित्र" असं लिहिलं, बाजूला छोटी सही केली, आणि कागद आणि पेन रेडिओरावांच्या मांडीवर ठेवलं.

"खाडाखोड आहे," ते म्हणाले. "दोघांच्याही सह्या लागतात."